गणवेशातील पदवी : सैनिकी सेवा, श्रेयांक आणि ऑनलाइन उच्चशिक्षण

प्रस्तावना

सैन्यातील नोकरी आणि महाविद्यालयीन शिक्षण या एकापाठोपाठ एक येणाऱ्या दोन स्वतंत्र अवस्था आहेत, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे. अधिकारी होऊ इच्छिणारा तरुण एक तर पदवी घेऊन सैन्यात येतो किंवा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत लष्करी प्रशिक्षणाबरोबरच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळवितो. दहावी किंवा बारावी होऊन भरती होणाऱ्या जवानाचे शिक्षण मात्र भरतीच्या दिवशी संपले, असे गृहीत धरले जात असे. सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या हजेरीपटावरून दरवर्षी काही नावे भरतीनंतर नाहीशी होतात. त्या नावांचे पुढे काय झाले, याची नोंद महाविद्यालयाकडे सहसा राहत नाही.

१४ जून २०२२ रोजी केंद्र शासनाने अग्निपथ योजना जाहीर केली आणि हे गृहीतक मोडले. चार वर्षांच्या सेवेनंतर अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात कायम होतात व उरलेले पंचविशीच्या आत-बाहेर नागरी जीवनात परततात. त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामार्फत म्हणजे इग्नूमार्फत सेवाकाळातच पूर्ण करावयाच्या पदवीची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली. सेवेत असतानाच दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने पदवी मिळविण्याचा सर्वांत दीर्घ व सर्वांत गुंतागुंतीचा अनुभव अमेरिकेच्या गाठी आहे. त्या अनुभवाचा मुख्य धागा उलगडणे आणि त्याच्या प्रकाशात अग्निवीर पदवीकडे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. सैनिकाच्या पदवीचे मोल ती संगणकावर घेतली की वर्गात, यावर फारसे ठरत नाही. त्याच्या प्रशिक्षणाचे श्रेयांक कोणी, कशाच्या आधारे मोजले आणि ते पुढे कोणी स्वीकारले, यावर ते ठरते, असे हा अनुभव सांगतो.

पंधरा वर्षे आणि चार वर्षे

भारतात जवानाच्या शिक्षणाची उणीव आजवर पदवीने नव्हे, तर समकक्षतेने भरून काढली गेली. माजी सैनिकांच्या केंद्रीय नागरी सेवेतील पुनर्नियुक्तीसंबंधीचे नियम १९७९ मध्ये झाले. त्यांतील तरतुदीनुसार किमान पंधरा वर्षे सेवा झालेला मॅट्रिक माजी सैनिक 'क' गटातील राखीव जागांवर, जेथे पदवी ही आवश्यक अर्हता आहे परंतु तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव आवश्यक नाही, अशा पदांसाठी पात्र मानला जाऊ शकतो. ही तरतूद हजारो कुटुंबांच्या उपयोगी पडली. तथापि तिचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. तिने पद मिळते, पदवी मिळत नाही. या तरतुदीच्या बळावर एम. ए.च्या वर्गात प्रवेश मागता येत नाही.

अग्निवीराला हा मार्गही खुला नाही, कारण त्याची सेवा पंधरा वर्षांची नसून चार वर्षांची आहे. निवृत्तिवेतनही नाही. योजना जाहीर झाली तेव्हा सेवानिधीची रक्कम सुमारे ११.७१ लाख रुपये सांगण्यात आली होती. ती एकरकमी मिळते आणि एकरकमी खर्चही होऊ शकते. म्हणून चार वर्षांत त्याच्या नावावर जमलेली शैक्षणिक कमाई ही जुन्या पिढीतील जवानापेक्षा त्याच्यासाठी कितीतरी अधिक मोलाची ठरते.

सरसकट श्रेयांक आणि मोजलेले श्रेयांक

पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनी केवळ सैन्यात होते म्हणून सरसकट श्रेयांक बहाल केले. त्यामागे कृतज्ञता होती, परंतु शैक्षणिक विचार नव्हता. स्वयंपाकघरात काम केलेल्या सैनिकाला आणि तोफखान्याचे गणित शिकलेल्या सैनिकाला सारखेच श्रेयांक मिळाले. परिणामी पहिल्याची पुढील वर्गात ओढाताण झाली, दुसऱ्याच्या खऱ्या ज्ञानाचे चीज झाले नाही आणि अशा श्रेयांकांवरचा विश्वास उडाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या शिक्षणसंस्थांच्या शिखर संघटनेने या अनुभवापासून धडा घेतला. सरसकट श्रेयांकाला तिने विरोध केला आणि मोजमापाची व्यवस्था उभी केली. १९४२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे सैनिकांसाठी पत्रद्वारा शिक्षणाची संस्था स्थापन झाली. पुढे ती युनायटेड स्टेट्स आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली गेली व १९७४ पर्यंत चालली. शाळा अर्धवट सोडलेल्या सैनिकांसाठी माध्यमिक समकक्षतेची जी. ई. डी. परीक्षाही १९४२ मध्येच तयार झाली. पुढे ती नागरी जीवनात इतकी रुजली की तिचे मूळ लष्करी आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

१९४५ पासून ही संघटना लष्करी अभ्यासक्रमांचे मूल्यमापन करीत आली आहे. त्याची रीत प्राध्यापकवर्गाने मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. प्रत्यक्ष अध्यापन करणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांचा गट एखाद्या लष्करी अभ्यासक्रमाची पाठ्यपत्रिका, शिकवणीचे तास, प्रशिक्षण साहित्य आणि परीक्षापद्धती तपासतो. नंतर हे शिक्षण कोणत्या विषयातील, कोणत्या पातळीचे व किती श्रेयांकांचे आहे, याची शिफारस करतो. ही शिफारसच असते, आदेश नसतो. ती स्वीकारायची की नाही आणि स्वीकारली तर पदवीच्या कोणत्या भागात बसवायची, हे महाविद्यालय ठरविते. लष्कराची गरज आणि महाविद्यालयाची स्वायत्तता या दोहोंचा मान राखणारी ही तडजोड आठ दशके टिकली. सैनिकाच्या अभ्यासक्रमांची व कामाची नोंद आता एकत्रित गुणपत्रकावर होते. भूदल, नौदल व मरीन कोअर यांचे संयुक्त गुणपत्रक २०१३ पासून रूढ झाले. वायुदलाने तर १९७२ मध्ये स्वतःचे कम्युनिटी कॉलेजच स्थापन केले.

शिफारस आणि स्वीकार यांतील अंतर मात्र मोठे आहे. भूदलातील वैद्यकीय साहाय्यकाचे उदाहरण घेता येईल. सुमारे सोळा आठवड्यांच्या प्रशिक्षणात तो रक्तस्राव थांबविणे, श्वासमार्ग मोकळा करणे व शिरेतून द्रव देणे हे सारे शिकतो आणि रणभूमीवर ते करतो. या शिक्षणाला श्रेयांक मिळतात. परंतु परिचर्येच्या पदवीकडे वळताना त्यांपैकी बरेचसे 'ऐच्छिक' या रकान्यात जातात आणि मूळ विषय त्याला आरंभापासून शिकावे लागतात. गुणपत्रकावर श्रेयांकांची बेरीज मोठी दिसते, पदवी मात्र जवळ येत नाही. श्रेयांक मिळणे आणि ते पदवीच्या उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

फिरता विद्यार्थी

१९४४ च्या जी. आय. बिल या कायद्याचा बोलबाला मोठा आहे आणि तो योग्यच आहे. या कायद्याच्या आधाराने सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले, पैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. पण हा कायदा मुख्यतः सेवा संपलेल्यांसाठी होता. सेवेत असणाऱ्याची अडचण वेगळी होती. त्याची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते. प्रत्येक नवे महाविद्यालय जुन्या महाविद्यालयाचे काही श्रेयांक नाकारते, शिवाय शेवटचे वर्ष आपल्याकडेच पूर्ण करावे, अशी अट घालते. अशा रीतीने दहा वर्षे शिकूनही हाती पदवी नसलेले सैनिक अनेक होते.

यावर दोन उपाय झाले. एक म्हणजे महाविद्यालय सैनिकाच्या मागे जाऊ लागले. मेरीलँड विद्यापीठाने १९४९ मध्ये जर्मनीतील अमेरिकन तळांवर वर्ग सुरू केले. नौदलाने तर जहाजावर शिक्षक नेऊन वर्ग भरविले. दुसरा उपाय अधिक मूलगामी होता. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सर्व्हिसमेंबर्स ऑपॉर्च्युनिटी कॉलेजेस या महाविद्यालयांच्या संघाने सदस्यांकडून एकमेकांचे श्रेयांक स्वीकारण्याची हमी घेतली. पदवीच्या साधारणतः एक चतुर्थांशाहून अधिक भाग आपल्याकडेच करण्याचा आग्रह धरू नये आणि तो भाग शेवटच्याच वर्षी करावा, असेही म्हणू नये, असा त्याचा गाभा होता. हे सारे इंटरनेटच्या पुष्कळ आधीचे आहे, ही बाब विसरता कामा नये. ऑनलाइन शिक्षण आले तेव्हा श्रेयांकांची वाट आधीच तयार होती.

२००१ च्या आरंभी अमेरिकन भूदलाने ई-आर्मी-यू हा उपक्रम फोर्ट बेनिंग, फोर्ट कॅम्पबेल व फोर्ट हूड या तीन तळांवर सुरू केला. एकाच प्रवेशद्वारातून अनेक विद्यापीठांचे अभ्यासक्रम, शिवाय सैनिकाला लॅपटॉप व इंटरनेटची जोडणी, असे त्याचे स्वरूप होते. लॅपटॉपचे आकर्षण मोठे होते, खर्चही मोठा होता आणि काही वर्षांतच ती सोय मागे पडली. मागे उरली ती अध्यापनाची रचना. सोळा आठवड्यांच्या सत्राऐवजी आठ आठवड्यांचे सत्र आले. ठरलेल्या वेळी वर्गात हजर राहण्याऐवजी आठवडाभरात सवडीने पाठ वाचून चर्चेत लिहावे, अशी पद्धत रूढ झाली. एका वेळी एकच किंवा दोनच विषय घेता येऊ लागले. मोहिमेवर निघण्याचा आदेश आला तर गमावले जाते ते आठ आठवड्यांचे काम, संपूर्ण वर्ष नव्हे. या अवधीला शैक्षणिक कारण फारसे नाही. तो सैनिकाच्या दिनक्रमावरून बेतलेला आहे. पुढे नोकरदार नागरी विद्यार्थ्यांनाही तोच सोयीचा वाटला.

अडचणी अर्थातच उरल्या. मे २००७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जाळ्यावरचा भार व सुरक्षितता या कारणांसाठी यूट्यूबसह तेरा संकेतस्थळे आपल्या संगणकांवर बंद केली. प्राध्यापकाने पाठात दिलेला दुवा विद्यार्थ्याच्या ठाण्यावर उघडेलच असे नाही, हा त्याचा अर्थ. पाणबुडीतील विद्यार्थ्याला तर आठवडेच्या आठवडे जोडणीच मिळत नाही.

शुल्काचे गणित आणि बाजार

सेवेतील सैनिकाला शुल्क साहाय्य मिळते. त्याची कमाल मर्यादा एका श्रेयांकास २५० डॉलर आणि वर्षाला ४,५०० डॉलर अशी आहे. याचा हिशोब सरळ आहे. वर्षाला १८ श्रेयांक, म्हणजे तीन श्रेयांकांचे सहा विषय. पदवीला १२० श्रेयांक लागतात. चार वर्षांच्या करारात साहाय्याच्या बळावर ७२ श्रेयांक होतात. उरलेले ४८ लष्करी प्रशिक्षणाच्या शिफारशींतून किंवा स्वयंअध्ययनानंतर द्यावयाच्या सी. एल. ई. पी. यांसारख्या परीक्षांतून मिळाले तरच पदवी चार वर्षांत पूर्ण होते. एकही विषय न चुकवता, एकही मोहीम मध्ये न येता हे साधणारे विरळा. पदवी अभ्यासक्रमात 'सी' श्रेणीपेक्षा कमी मिळाल्यास साहाय्याची रक्कम परत करावी लागते, ही अट विद्यार्थ्याला सावध ठेवते आणि कधी कधी भित्राही करते.

जेथे शासनाचा पैसा निश्चित आणि ग्राहक दूरवर विखुरलेला, तेथे बाजार येणारच. नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांना केंद्रीय विद्यार्थी साहाय्यातून ९० टक्क्यांपेक्षा अधिक उत्पन्न घेता येऊ नये, असा नियम अमेरिकेत होता. परंतु सैनिकांचे शुल्क साहाय्य व जी. आय. बिलाचा पैसा हा शासनाचाच असूनही या ९० टक्क्यांत धरला जात नसे, उरलेल्या १० टक्क्यांत धरला जाई. म्हणजे सैनिकाकडून आलेल्या प्रत्येक डॉलरमागे संस्थेला आणखी नऊ डॉलर शासकीय साहाय्य घेण्याची मोकळीक मिळे. सैनिक विद्यार्थ्यांचा असा पाठलाग का सुरू झाला, याचे उत्तर या अंकगणितात आहे. सैनिकांच्या ग्राहकहितासाठी नेमलेल्या अधिकारी हॉली पेट्रेयस यांनी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या पळवाटेकडे लक्ष वेधले. २०१२ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी कार्यकारी आदेश काढून शुल्क, कर्ज व पदवीपूर्तीची माहिती आधी देण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले. शासकीय असल्याचा भास निर्माण करणारे, जी. आय. बिलाचे नाव धारण केलेले एक खासगी संकेतस्थळ त्याच वर्षी तडजोडीनुसार माजी सैनिक विभागाकडे सुपूर्द करावे लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये आय. टी. टी. टेक्निकल इन्स्टिट्यूट ही साखळी एकाएकी बंद पडली आणि तेथे शिकणाऱ्या माजी सैनिकांचा हक्काचा कालावधी वाया गेला. तो परत देण्याची तरतूद २०१७ च्या कायद्याने केली. पळवाट कायद्याने बंद झाली ती २०२१ मध्ये, आणि बदललेला नियम २०२३ पासून लागू झाला. समस्या दिसल्यापासून उपायापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला, एवढे नोंदविणे पुरेसे आहे.

अग्निवीर पदवी

भारतातील रचना वेगळी आहे आणि काही बाबतींत अधिक सुरक्षित आहे. पदवी देणारे विद्यापीठ केंद्रीय व सार्वजनिक आहे, त्यामुळे बाजाराचा धोका येथे कमी संभवतो. श्रेयांक ही कल्पनाही इग्नूला नवी नाही. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक हे माप रूढ आहे आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानेही तेच माप स्वीकारले आहे.

शिक्षण मंत्रालयाच्या घोषणेनुसार तीन वर्षांच्या या कौशल्याधारित पदवीचे ५० टक्के श्रेयांक अग्निवीराला सैन्यात मिळालेल्या तांत्रिक व अतांत्रिक प्रशिक्षणातून येतात. उरलेले ५० टक्के भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, समाजशास्त्र, गणित, वाणिज्य, पर्यटन, कृषी आदी विषयांतून निवडायचे असतात. पर्यावरण अध्ययन व इंग्रजी संभाषणकौशल्य यांचाही समावेश आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका व तिसऱ्यानंतर पदवी, असे बाहेर पडण्याचे टप्पे आहेत. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांना बारावीपर्यंत नेण्याचे काम राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे सोपविण्याची घोषणाही त्याच वेळी झाली. म्हणजे दहावी होऊन आलेल्या मुलाला चार वर्षांत बारावीही करायची आहे आणि पदवीही. हा भार लहान नाही.

अमेरिकेत एकेका लष्करी अभ्यासक्रमाचे श्रेयांक स्वतंत्रपणे मोजले जातात. येथे 'अर्धी पदवी' हे प्रमाण आधी ठरले आहे. त्याचा लाभ उघड आहे. श्रेयांक मिळतील की नाही, मिळाले तर ऐच्छिक रकान्यात पडून राहतील की काय, ही टांगणी अग्निवीराला नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. पायदळातील शिपाई, तोफखान्यातील संदेशवाहक, जहाजावरील इंजिनघरातील खलाशी आणि विमानतळावरील तंत्रज्ञ यांचे प्रशिक्षण एकसारखे नाही. त्या प्रत्येकाच्या अर्ध्या पदवीत नेमके काय आहे, हे गुणपत्रकावर विषयवार, पातळीनिशी व तासांनिशी दिसले तर तो मोजलेला श्रेयांक ठरतो. 'सैनिकी प्रशिक्षण' एवढ्या एका ओळीत ते मावले, तर पहिल्या महायुद्धानंतरच्या सरसकट श्रेयांकाशी त्याचे नाते जुळते. लष्करी पाठ्यक्रमातील काही भाग गोपनीय असणे स्वाभाविक आहे. तथापि नकाशावाचन, प्रथमोपचार, बिनतारी यंत्रांची दुरुस्ती, वाहनांची देखभाल, भांडाराचा हिशोब यांत गुप्त राखण्यासारखे फारसे काही नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या पारंपरिक पद्धतीच्या पदव्यांच्या समकक्ष आहेत. त्यामुळे अग्निवीराची पदवी 'खरी' की 'दुय्यम' हा वाद कायद्याच्या पातळीवर उरत नाही. तो उरतो प्रवेश समितीच्या टेबलावर. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास गेलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होत जातात. त्यांतील कोणी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज करील, तेव्हा त्याच्या पदवीत अर्थशास्त्राचे श्रेयांक किती, असा प्रश्न विभागप्रमुख विचारणार आणि तो रास्तही आहे. तेवीस वर्षांच्या अग्निवीराने अर्थशास्त्र निवडावे की पर्यटन, हे तीन वर्षे आधी, एखाद्या सीमावर्ती ठाण्यावर, कोणी सांगायचे? तळावरच्या अमेरिकन सैनिकाला शिक्षण कार्यालयातील समुपदेशक उपलब्ध असतो. येथे हे काम शिक्षण शाखेतील अधिकारी व सुभेदार यांच्यावर पडते आणि नागरी विद्यापीठांच्या प्रवेशनियमांची अद्ययावत माहिती त्यांना पुरविण्याची सोय स्थानिक महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगी आहे.

परीक्षेचा प्रश्नही व्यवहारात लहान नाही. सत्रान्त परीक्षा ठरलेल्या केंद्रावर, ठरलेल्या दिवशी होते. सैनिकाची रजा मात्र तुकडीच्या गरजेनुसार ठरते. संवेदनशील भागांत मोबाइलच्या वापरावर निर्बंध असतात आणि उंचावरील ठाण्यांवर जोडणीच दुबळी असते. येथे ऑनलाइन म्हणण्यापेक्षा छापील पुस्तिका आणि मध्ये कधीतरी मिळणारे इंटरनेट, असे मिश्र रूपच वास्तवाला धरून आहे. मुक्त विद्यापीठांची जुनी स्वयंअध्ययन पुस्तिका या कामी अजून उपयोगी आहे.

हजेरीपटावरील नाव

भरतीसाठी प्रथम वर्ष सोडून गेलेला विद्यार्थी अनेकदा एक सत्र पूर्ण करून गेलेला असतो. त्या सत्राचे श्रेयांक त्याने रीतसर मिळविलेले असतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या नियमांनुसार असे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहू शकतात. चार वर्षांची सेवा या मुदतीत बसते. मात्र त्यासाठी विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी खाते उघडलेले असले पाहिजे आणि महाविद्यालयाने त्याचे श्रेयांक तेथे नोंदविलेले असले पाहिजेत. भरतीचा निकाल आणि प्रशिक्षण केंद्रावर हजर होण्याचा दिवस यांत फार दिवस नसतात. विद्यार्थी शाळा सोडल्याचा मूळ दाखला परत नेण्यासाठी कार्यालयात येतो, तेव्हा खिडकीवरच्या लिपिकाने खाते क्रमांक विचारणे आणि परीक्षा विभागाने त्याच आठवड्यात नोंद पूर्ण करणे, एवढी कार्यपद्धती प्राचार्यांना परिपत्रकाने लागू करता येते. तसे न झाल्यास त्या नावापुढे 'अनुपस्थित' हा शेरा राहतो आणि चार वर्षांनी परतलेल्या माजी अग्निवीराला पहिले सत्र पुन्हा द्यावे लागते.